मुलांच्या हाताशी काय ठेवायचं?

यवतमाळ शहराची हद्दवाढ झाली तेव्हा लोहारा, वडगाव, वाघापूर, उमरसरा, भोसा, मोहा, पिंपळगाव ही भोवतालची गावं नगर परिषदेत आली. कागदावर हद्द सरकली, पण घरातलं जेवण त्याच्या आधीपासूनच बदलत होतं. शेतांवर लेआउट पडले, बांधावरची बोर आणि चिंच गेली, अंगणातला शेवगा तुटला. गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान आलं आणि त्याच्या दारात रंगीत पाकिटांच्या माळा लटकू लागल्या. आजोबा ज्या वयात तुरीच्या शेंगा ओरबाडून खात, त्या वयाचा नातू शाळेच्या फाटकावर पाच रुपयांचं पाकीट फोडतो. भूक दोघांचीही तीच. ती लागली त्या क्षणी कोणाच्या हाताशी काय होतं, एवढाच फरक.

मुलांच्या खाण्याची तक्रार घरोघरी ऐकू येते: भाजी खात नाही, डबा तसाच परत आणतो, जेवायला बसला की मोबाइल मागतो. या तक्रारीत दोष मुलाच्या जिभेवर जातो. पण जीभ परिसरात घडते. शहर मुलाच्या आयुष्यातल्या चार गोष्टी बदलतं: अन्नाचं अंतर, जेवणाच्या वेळा, खेळायची जागा आणि जेवतानाची सोबत. या चारही गोष्टी घरातल्या मोठ्यांना थोड्याफार प्रमाणात हलवता येतात. म्हणून रागावण्यापेक्षा मांडणी बदलणं अधिक उपयोगी पडतं.

एकाच घरात दोन उणिवा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी आढळली. सहा महिने ते पाच वर्षे या वयातल्या जवळजवळ ६९ टक्के बालकांना रक्तक्षय होता. आधीच्या फेरीत हे प्रमाण ५४ टक्क्यांच्या आसपास होतं. त्याच काळात जादा वजनाच्या बालकांचं प्रमाण १.९ टक्क्यांवरून ४.१ टक्क्यांवर गेलं. म्हणजे एकीकडे लोह आणि प्रथिनं कमी पडतात, दुसरीकडे साखर आणि तेल जास्त होतं. अनेकदा या दोन्ही गोष्टी एकाच मुलात असतात. गाल गुबगुबीत आणि रक्त मात्र कमी, अशी मुलं बालरोगतज्ज्ञांना नेहमी दिसतात.

युनिसेफने सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं, की जगात ५ ते १९ या वयोगटात लठ्ठ मुलांचं प्रमाण पहिल्यांदाच कमी वजनाच्या मुलांपेक्षा जास्त झालं आहे. दक्षिण आशियात अजून तसं झालेलं नाही. आपल्याकडे कुपोषण गेलेलं नसतानाच दुसरं संकट येऊन बसलं आहे.

यवतमाळसारख्या जिल्ह्यात याला आणखी एक बाजू आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातली पाचातली जेमतेम एक व्यक्ती शहरात राहते. पण शहरी खाणं शहराच्या वेशीवर थांबलेलं नाही. झरी जामणी, मारेगाव, केळापूर तालुक्यांतल्या कोलाम पोडांपर्यंत (वस्त्यांपर्यंत) दुधाची गाडी पोचत नसेल, पण कुरकुरीत पाकीट पोचतं. ते नासत नाही, हलकं असतं आणि पाच रुपयांत मिळतं. त्यामुळे पुढे जे सांगितलं आहे ते दारव्हा रोडवरच्या फ्लॅटला जितकं लागू आहे, तितकंच घाटंजीजवळच्या खेड्यालाही.

भाकर ताटातून कशी गेली

वऱ्हाडातलं रोजचं जेवण म्हणजे ज्वारीची भाकर, वरण किंवा बेसन, एखादी पालेभाजी, जवसाची नाहीतर फल्लीची चटणी आणि कांदा. ज्वारी शेतातून कमी झाली त्याची कारणं ठाऊक आहेत. कापूस आणि सोयाबीनला रोख पैसा होता. रोही आणि रानडुकरं उभं पीक तुडवत होती, पाखरं राखायला माणूस मिळत नव्हता. शेतात ज्वारी नसली की घरात ती विकत आणावी लागते, आणि खाण्याची चांगली ज्वारी अनेकदा गव्हापेक्षा महाग पडते. शहरात तर भाकर थापायला वेळ हवा आणि सवयीचा हातही हवा. मग पोळी आली. पोळीत वाईट काही नाही. बिघडलं ते त्यापुढे, पोळीच्या जागी ब्रेड, टोस्ट, नूडल्स आणि बिस्किटं आली तेव्हा. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिनं आणि तेवढेच तंतू असतात. मैद्यात तंतू तीन ग्रॅमही नसतात. मैद्याचं खाणं पोटात पटकन विरघळतं आणि तासाभरात मूल पुन्हा काहीतरी मागतं.

रोज भाकर करणं नोकरी करणाऱ्या आईवडिलांना जमेलच असं नाही. त्याचे मधले मार्ग आहेत. दळण टाकताना गव्हात चौथा हिस्सा ज्वारी आणि मूठभर हरभरा मिसळला तर त्या पिठाची पोळी नीट लाटता येते. ज्वारीच्या पिठात बेसन, सांबार (कोथिंबीर) आणि बारीक चिरलेला कांदा घालून धिरडी दहा मिनिटांत होतात. रात्री ज्वारीच्या कण्या शिजवून त्यावर ताक किंवा वरण घातलं की लहान मुलं आवडीने खातात. आठवड्यातून दोन संध्याकाळी भाकर करायची आणि तिचा एखादा लहान गोळा मुलाला थापायला द्यायचा. स्वतः थापलेली वेडीवाकडी भाकर मूल टाकून देत नाही.

शाळा सुटल्यावरचा तास

शहरी मुलाच्या दिवसातला सगळ्यात नाजूक वेळ म्हणजे शाळा सुटल्यापासून शिकवणी सुरू होईपर्यंतचा. मूल भुकेलेलं असतं, आई किंवा बाबा कामावर असतात, आजी गावाकडे असते आणि खिशात दहा रुपये असतात. पाकीट याच तासात आत शिरतं. रात्री साडेआठला पोळी-भाजी पुढे येते तेव्हा भूक मेलेली असते. मग 'जेवत नाही' ही तक्रार सुरू होते.

म्हणून बदलाची सुरुवात रात्रीच्या ताटापासून करू नये, या तासापासून करावी. मुलाचा हात पोचेल अशा उंचीवर, पारदर्शक डब्यांत, रोजचे दोन-तीन पदार्थ भरून ठेवावेत: फुटाणे आणि गूळ, भाजलेले फल्लीदाणे, ज्वारीच्या लाह्या, मुरमुऱ्याचा घरगुती चिवडा, राजगिऱ्याचा किंवा तिळाचा लाडू. टेबलावर केळी, पेरू, बोरं, संत्री, सीताफळ यांपैकी मोसमात जे स्वस्त असेल ते धुऊन ठेवावं. हिवाळ्यात तुरीच्या शेंगा मीठ टाकून उकडाव्यात. जिल्ह्यातल्या प्रत्येक बाजारात त्या येतात आणि सोलून खाण्यात मुलांचा वेळही छान जातो. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे किंवा फुटाणे देऊ नयेत, घशात अडकतात. त्यांना कूट करून द्यावा.

बिस्किटं आणि चिप्स घरात भरून ठेवणं बंद करावं. मूल बाहेर कधीमधी खाईल, त्याला हरकत नाही. पण घरातल्या फडताळात ते कायम असलं की रोजचं होतं.

चहाचंही पाहावं. विदर्भात लहान मुलांना चहा-टोस्ट देण्याची पद्धत जुनी आहे. चहातली द्रव्यं अन्नातलं लोह शोषू देत नाहीत. ज्या राज्यात दर तीन बालकांमागे दोघांना रक्तक्षय आहे, तिथे मुलाच्या हातात चहाचा कप देऊ नये. मोठ्यांनीही जेवणाआधी आणि जेवणानंतर तासभर चहा टाळावा. पालेभाजीवर किंवा उसळीवर लिंबू पिळलं तर उलट लोह अधिक चांगलं शोषलं जातं.

डबा

पहिली ते आठवीच्या सरकारी आणि अनुदानित शाळांत दुपारचं गरम जेवण मिळतं. प्राथमिक वर्गांसाठी त्यात ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, उच्च प्राथमिकसाठी ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं असावीत असा निकष आहे. विनाअनुदानित इंग्रजी शाळांत हे जेवण नसतं. तिथे सगळा भार डब्यावर येतो, आणि डबा सकाळी घाईत भरला जातो. महिन्याला मोठी फी भरणाऱ्या घरातल्या मुलाच्या डब्यात जॅम-ब्रेड असतो, तर जिल्हा परिषदेच्या शाळेतलं मूल त्याच वेळी डाळ-भात किंवा मटकीची उसळ खात असतं. हा विरोधाभास पालकांनी डोळसपणे पाहण्यासारखा आहे.

डब्याचा साधा नेम असा ठेवता येतो: एक धान्य, एक डाळ किंवा अंडं किंवा दाणे, एक भाजी किंवा फळ. आठवडा असा बसवता येईल. सोमवारी ज्वारी-बेसनाचं धिरडं आणि दही. मंगळवारी पोळी, फल्लीची चटणी आणि गाजराचे तुकडे. बुधवारी मेथीचे पराठे. गुरुवारी मोड आलेल्या मटकीची कोरडी उसळ पोळीत गुंडाळून. शुक्रवारी उकडलेलं अंडं आणि पोळी. अंडं चालत नसेल तर पनीर किंवा घट्ट बेसन. शनिवारी दाणे आणि वाटाणे घातलेले पोहे, वर लिंबू. मटकी रविवारीच भिजवली तर गुरुवारपर्यंत तिचे मोड टिकत नाहीत; ती मंगळवारी रात्री भिजवावी, बुधवारी फडक्यात बांधून ठेवावी.

वर्गातल्या सोबत्यांचं दडपण मोठं असतं. भाकरीचा डबा उघडायला मूल लाजतं, कारण शेजारच्या डब्यात नूडल्स असतात. यावर एक उपाय अनेक शाळांना जमतो: वर्गशिक्षिकेने आठवड्याचा समान डबा ठरवून द्यावा. सगळ्यांच्या डब्यात एकच पदार्थ आला की लाज उरत नाही. वाढदिवसाला वर्गात चॉकलेट वाटण्याऐवजी केळी, चिक्की किंवा राजगिऱ्याचे लाडू वाटावेत, हेही शाळेनेच ठरवलं तर कुठल्या एका मुलाला वेगळं वाटत नाही.

पाकीट वाचायला शिकवा

दहा वर्षांचं मूल पाकिटामागचा तक्ता वाचू शकतं. त्याला तीन गोष्टी शिकवाव्यात. पहिली, घटकांची यादी उतरत्या क्रमाने असते, सगळ्यात जास्त असलेला घटक आधी. पहिल्या तिघांत साखर, मैदा किंवा पामतेल असेल, तर तो पदार्थ मुख्यतः त्याचाच बनलेला आहे. दुसरी, साखर वेगळ्या नावांनीही येते: ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन. तिसरी, सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ किती ते कळतं. नूडल्सच्या एका लहान पाकिटात दोन ग्रॅमच्या आसपास मीठ निघतं, आणि मोठ्या माणसाने दिवसभरात मिळून पाच ग्रॅमपेक्षा जास्त मीठ खाऊ नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलासाठी ही मर्यादा त्याहून कमी.

साखरेचाही हिशोब मुलांनी स्वतः करावा. कोलासारख्या थंड पेयात शंभर मिलिलिटरमागे साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते. अडीचशे मिलिलिटरच्या बाटलीत पंचवीस ग्रॅमच्या वर झाली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये दिलेल्या आहार मार्गदर्शक तत्त्वांत दिवसाची साखर २० ते २५ ग्रॅमवर ठेवायला सांगितलं आहे. म्हणजे एका बाटलीत दिवस संपला. पाच चहाचे चमचे भरून साखर वाटीत ओतून दाखवली की हे मुलांना चटकन कळतं. सीबीएसईने २०२५ मध्ये आपल्या शाळांना 'साखर फलक' लावायला सांगितलं ते याच हेतूने. असा फलक कुठल्याही मंडळाच्या शाळेला एका पुठ्ठ्यावर करता येतो.

दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरींबाबतही पालकांनी सावध राहावं. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितलं. साध्या दुधाला चव हवी असेल तर खारीक पावडर किंवा वेलची पुरते.

पडदा, मैदान आणि झोप

मोबाइल दाखवून भरवलेलं मूल किती खाल्लं ते जाणत नाही. पोट भरल्याची खूण मेंदूपर्यंत पोचते, पण लक्ष दुसरीकडे असतं. दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून अधिक नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं आहे. निदान जेवताना फोन दुसऱ्या खोलीत राहावा, मोठ्यांचाही. हा नियम मुलापेक्षा वडिलांना जड जातो, पण त्यांनी पाळला तरच तो टिकतो.

पाच वर्षांपुढच्या मुलाला रोज तासभर दमवणारा खेळ हवा. समता मैदान, नेहरू स्टेडियम यांसारखी शहरातली मोकळी जागा शिकवणीच्या वेळापत्रकात हरवते. खेळलेल्या मुलाला जेवणाची भूक लागते आणि झोपही लवकर येते. अपुरी झोप झालेलं मूल दुसऱ्या दिवशी गोड आणि तळलेलं जास्त मागतं. सहा ते बारा वयाच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते. शिकवणी निवडताना शेवटची तुकडी टाळावी, कारण रात्री नऊला घरी आलेलं मूल दहाला जेवतं आणि सकाळी न खाता शाळेत जातं.

बळजबरीने नाही, पुन्हा पुन्हा

नवी भाजी मुलाने पहिल्यांदा नाकारणं स्वाभाविक आहे. तोच पदार्थ आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा, थोडा थोडा ताटात आला की बहुतेक मुलं तो स्वीकारतात. बरेच पालक तिसऱ्या वेळी हार मानतात. अमेरिकेतील आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी कामाची वाटणी सुचवली आहे: काय, केव्हा आणि कुठे जेवायचं हे मोठ्यांनी ठरवावं; किती खायचं हे मुलाने. ताट संपवलंस तर चॉकलेट देतो, असं म्हटलं की भाजी शिक्षा ठरते आणि चॉकलेट बक्षीस.

यवतमाळच्या पालकांच्या हाती मोठ्या महानगरांत न मिळणारी एक गोष्ट आहे. इथून अर्ध्या तासात कुठल्याही दिशेला शेत लागतं. पावसाळ्यात बाजारात तरोटा, काटवल, केना, अंबाडी येते. ऑगस्टमध्ये आदिवासी दिनाच्या आसपास कृषी विभागाचा रानभाजी महोत्सव भरतो. हिवाळ्यात हुरडा, तुरीचे सोले, हरभऱ्याची भाजी. मुलाला बाजारात न्यावं, वीस रुपये द्यावेत आणि एक भाजी निवडू द्यावी. सोले काढणं, शेंगा सोलणं, सांबार निवडणं ही कामं चौथी-पाचवीची मुलं आनंदाने करतात. स्वतः निवडलेली भाजी ती चाखून तरी पाहतात.

तान्ह्या पोळ्याला नंदी घेऊन दारी आलेल्या मुलांना बोजारा म्हणून खाऊ देतात. हल्ली त्यात गोळ्या आणि पाकिटंच जास्त असतात. एखाद्या लेआउटमधल्या सगळ्या घरांनी मिळून लाडू, चिक्की आणि फळं द्यायची ठरवली, तर सणाची गोडी तशीच राहील.

खोली करून राहणारी मुलं

अकरावी-बारावीसाठी, नीटच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी नेर, बाभूळगाव, घाटंजी, आर्णीकडची मुलं-मुली शहरात खोली करून राहतात. सकाळी उपाशी, दुपारी मेस, संध्याकाळी आलूबोंडा किंवा तर्री पोहे, रात्री नूडल्स, असा अनेकांचा दिवस जातो. त्यांच्यासाठी घरून पाठवायच्या सामानात टिकणारे पदार्थ असावेत: जवसाची आणि फल्लीची चटणी, भाजलेल्या डाळींचं पीठ, खारीक, गूळ, फुटाणे. खोलीत छोटी शेगडी असेल तर अंडी उकडता येतात, मुगाची खिचडी होते. मेस निवडताना वरण किती घट्ट आहे आणि रोज पालेभाजी किंवा कोशिंबीर मिळते का, हे एकदा जेवून पाहावं. केवळ दर पाहून ठरवू नये. मुलींच्या बाबतीत लोहाची कमतरता अधिक असते, म्हणून त्यांनी वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. ही तपासणी सरकारी दवाखान्यांत होते.

लहान मुलांसाठीही सरकारी सोय आहे: वर्षातून दोनदा शाळा-अंगणवाड्यांत जंतनाशक गोळी दिली जाते आणि शाळांत दर आठवड्याला लोहाची गोळी मिळते. 'बाहेरच्या गोळ्या नकोत' म्हणून शहरी पालक त्या अनेकदा नाकारतात. नाकारू नयेत. मूल सारखं दमत असेल, माती किंवा खडू खात असेल, वजन सहा महिन्यांत वाढलंच नसेल किंवा फार वेगाने वाढलं असेल, मानेची कातडी काळवंडून जाड झाली असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं.

शाळेकडे काय मागायचं

घरातली मांडणी कितीही बदलली तरी फाटकावरची गाडी तिथेच राहते. याबाबत नियम आहेत. महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांत चिप्स, नूडल्स, थंड पेयं यांसारख्या पदार्थांवर बंदी घातली. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांनुसार जास्त चरबी, साखर आणि मीठ असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. बहुतेक पालकांना हे ठाऊक नसतं, त्यामुळे कोणी मागणीही करत नाही.

सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. खासगी शाळांत पालक-शिक्षक संघ असतो. पुढच्या बैठकीत तीन विषय लेखी मांडता येतील. फाटकासमोरच्या विक्रेत्याला हुसकावण्याऐवजी त्याला उकडलेल्या शेंगा, चणे, फळं, पोहे विकायला सांगावं. त्याचा धंदा राहतो आणि मुलांची सोय होते. शाळेने वर्षातून दोनदा प्रत्येक मुलाची उंची आणि वजन मोजून आकडे पालकांना कळवावेत. आणि मधल्या सुट्टीत डबा खायला निदान वीस मिनिटं द्यावीत, बसायला सावली आणि हात धुवायला पाणी असावं. अनेक मुलं डबा परत आणतात ते त्यांना खायला पुरेसा वेळच मिळत नाही म्हणून.